सेकंडहँड ड्रायसूट आणि ओला डावा हात: लेस्टरशरमधल्या नोंदी

११ फेब्रुवारी २०२४

या नोंदी मालवणला, नेत्राणीला किंवा अंदमानात डायव्हिंग शिकून आता थंड मुलखात येऊन राहिलेल्यांसाठी. तिकडे तीन मिलिमीटरच्या वेटसूटमध्ये पाऊण तास मजेत जातो. इथे इंग्लंडात, लेस्टरशरमधल्या स्टोनी कोव्हला, म्हणजे ग्रॅनाइटच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या खाणीत, आज पाणी ६ अंश होतं. भाड्याचा सात मिलिमीटरचा सूट घातला होता. वीसेक मिनिटांत बोटं इतकी बधिर झाली की बीसीडीचं (हवा भरून तरंगणं सांभाळायच्या जॅकेटचं) बटण दाबलं गेलं की नाही, ते डोळ्यांनी पाहावं लागलं. असं पाण्यात राहणं धोक्याचं आहे, त्यामुळे ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊच न देणारा सूट, घ्यायचा हे नक्की.

सप्टेंबरात डायव्हिंग क्लबाबरोबर स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्क्नी बेटांमधल्या स्कापा फ्लोला जायचं आहे. तोवर सूट अंगवळणी पडायला हवा. बजेट सगळं मिळून ६०० पौंड. मापाने शिवलेला नवा सूट त्यात येत नाही, त्यामुळे सेकंडहँडच.

१८ फेब्रुवारी

कापड कोणतं यावर क्लबात तासभर खल झाला. माझ्यापुरतं उत्तर सोपं निघालं. निओप्रीनचा सूट स्वतःच ऊब देतो आणि अंगाबरोबर ताणला जातो, पण जड असतो, खोल गेलं की दबून पातळ होतो आणि वाळायला दोन-दोन दिवस घेतो. ट्रायलॅमिनेट म्हणजे दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर. तो रेनकोटसारखा पातळ, स्वतःची ऊब शून्य, सगळी भिस्त आत घालायच्या उबदार अंडरसूटवर. पण रात्रीत वाळतो आणि भोक पडलं तर घरी बुजवता येतं. मी दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहते, बाल्कनी नाही. म्हणून ट्रायलॅमिनेट.

खरं महत्त्वाचं पुढेच आहे. पुरुषांच्या मीडियम मापाचा एक सूट १५० पौंडांत मिळत होता आणि मी पैसे देण्याच्या बेतात होते. क्लबातले एक जुने इन्स्ट्रक्टर म्हणाले, "आधी अंडरसूट घे. तो घालून मगच सूट अंगाला लावून बघ." ऐकलं ते बरं झालं. १३० पौंडांचा थिन्सुलेटचा अंडरसूट घेतला. तो घातल्यावर माझी छाती आणि खांदे एक माप वर गेले, उंची मात्र तेवढीच, पाच फूट एक इंच. म्हणजे छातीला बसणारा पुरुषी सूट पायात वीतभर लांब. हे पाय लांब असणं पाण्यात काय करतं ते ५ मेच्या नोंदीत.

२ मार्च

बायकांच्या मापाचा, एका हंगामाहून जास्त वापरलेला सूट मिळाला, २८० पौंड. विकणारीच्या घरी जाऊन पाहिला. काय पाहिलं:

झिप पूर्ण उघडून, प्रत्येक इंच बोटांत वाकवून. पितळी झिप आहे. एखादा दात वाकलेला किंवा कडेचं कापड उसवलेलं असेल तर सूट सोडून द्यायचा, कारण झिप बदलणं हे सगळ्यांत महाग काम. ही ठीक वाटली.

खोलीतला दिवा मालवून सूटच्या आत टॉर्च. बाहेरून प्रकाशाचे ठिपके दिसले नाहीत.

लेटेक्सची सीलं, म्हणजे मानेशी आणि मनगटांशी पाणी अडवणारे रबराचे घट्ट गळपट्टे, ताणून. मानेचं चांगलं. मनगटांची दोन्ही भेगाळलेली. त्यामुळे तिने ३० पौंड कमी केले, ते वरच्या किमतीत धरलेच आहेत.

मग अंडरसूट घालून उकिडवं बसणं, हात छातीवर घट्ट बांधणं, आणि मानेमागे हात नेऊन सिलिंडरच्या व्हॉल्वला हात पोचतोय का बघणं. तिसरी गोष्ट जमली नाही तर सूट कितीही सुंदर असो, घेऊ नये. माझा हात जेमतेम पोचला. पायही किंचित लांबच आहेत, बूट दोन मापं मोठे. चालवून घेतलं.

झिप पुढून तिरकी आहे हे मुद्दाम. पाठीवरची झिप लावायला दर वेळी दुसरं माणूस लागतं.

२४ मार्च

स्विमिंग पूलमध्ये ड्रायसूटचा वर्ग. क्लबात फुकट, बाहेर याचे शंभराहून जास्त पौंड पडतात. यूट्यूबवर शिकून थेट खाणीत उतरू नका.

पहिला अर्धा तास फक्त सूट घालण्यात गेला. लांब केसवाल्या बायकांनी इथे लक्ष द्या. मानेच्या सीलखाली एक बट जरी अडकली तरी तिच्या कडेने पाणी आत येतं. आधी घट्ट वेणी, तिचा अंबाडा, त्यावर पातळ नायलॉनची टोपी, मग सील खाली ओढायचं आणि शेवटी बडीने, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराने, मानेभोवती बोट फिरवून बघायचं. गळ्यातलं मंगळसूत्र, साखळी, कानातले लोंबते डूल सगळं घरी ठेवून यायचं. साखळीमुळे सील गळतंच आणि फाटतंही.

सील घट्ट असेल तर पाच मिनिटांत डोकं हलकं होतं, कारण मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर दाब येतो. माझं तसं झालं. सीलवर कापण्यासाठी वर्तुळाकार रेघा असतात. धारदार कात्रीने, एका वेळी एकच रेघ, न थांबता गोल कापायची. मध्ये थांबलं की खाच पडते आणि तिथून फाटत जातं. दोन रेघा कापल्यावर बरं वाटलं.

पाण्यात शिकवलेलं थोडक्यात: खाली जाताना सूट अंगाला आवळायला लागतो, तेव्हा छातीवरच्या व्हॉल्वने सूटमध्ये हवा थोडी-थोडी भरायची. बटण दाबून धरायचं नाही. फार थंड पाण्यात व्हॉल्व गोठून उघडाच राहू शकतो. तसं झालंच तर सूटला हवा आणणारी होज (नळी) ओढून काढायची, आणि हे हातमोजे घालून, न बघता जमायला हवं. वर येताना डाव्या दंडावरच्या व्हॉल्वमधून हवा आपोआप जाते, पण तो व्हॉल्व अंगातला सगळ्यांत उंच बिंदू असेल तरच. म्हणून डावं कोपर वर.

तरंगणं सूटमधल्या हवेने सांभाळायचं की बीसीडीने, यावर दोन तट आहेत. आमच्या इन्स्ट्रक्टरांचं म्हणणं, सूटमध्ये फक्त आवळणं जाईल इतकी हवा, बाकी बीसीडी. मलाही ते पटतं, कारण दोन फुगे एकदम सांभाळण्यापेक्षा एकच बरा.

१४ एप्रिल

स्टोनी कोव्ह, पाणी ८ अंश. सहा-सात मीटरच्या टप्प्यावर विमानाचं जुनं कॉकपिट ठेवलेलं आहे, त्याच्याभोवतीच फिरलो.

शिसं, म्हणजे खाली जाण्यासाठी अंगावर बांधायचं वजन: मालवणला मला चार किलो पुरायचं. इथे अंदाजाने १४ किलो बांधलं आणि खाली जाऊन गाळात बसले. गोड्या पाण्यात इतकं लागणार नाही हे क्लबात सांगितलं होतं, पण बुडणार नाही या भीतीने जास्त घेतलं गेलं. जास्त शिशाचा तोटा असा की ते सावरायला सूटमध्ये जास्त हवा भरावी लागते आणि ती हवा अंगभर पळत राहते.

वजन तपासायचं ते डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरमध्ये ५० बार (हवेच्या दाबाचं एकक) उरलेले असताना. आपलं १२ लिटरचं सिलिंडर २३२ बारला भरलेलं असतं. त्यातून ५० पर्यंत येताना अडीच किलोच्या वर हवा वापरली जाते, म्हणजे शेवटी आपण तेवढे हलके झालेलो असतो. तेव्हा तीन मीटरवर, सूट जवळजवळ रिकामा ठेवून स्थिर राहता आलं पाहिजे. या हिशेबाने ११ वर आले.

ऊब: उत्तम. पण बाहेर येऊन सूट काढला तर डावी बाही कोपरापर्यंत ओली.

२७ एप्रिल

डावा हात ओला, मनगटाचं सील भेगाळलेलं, म्हणजे सीलच दोषी. दोन्ही सीलं बदलायचीच होती. दुकानात ९० पौंड सांगितले, म्हणून घरी केलं. सीलची जोडी आणि अ‍ॅक्वाशुअर गोंद मिळून ३८ पौंड, वेळ एक पूर्ण शनिवार.

बाहीत एक लिटरची प्लास्टिकची बाटली घट्ट बसवली, म्हणजे काम करायला टणक गोल पृष्ठभाग मिळाला. जुनं सील हेअरड्रायरने गरम करत सोललं. याला दोन तास लागले, आणि घाई केली तर बाहीचं कापडही सोबत निघतं. मग खरवडून, ॲसिटोनने पुसून, तीन सेंटिमीटरच्या पट्टीवर गोंदाचा पातळ थर, त्यावर नवं सील, वरून चिकटपट्टी. खिडक्या उघड्या ठेवा. चोवीस तास हात लावला नाही. उजव्या बाजूला गोंद जाड झाला आणि एक सुरकुती राहिली. गळत नाही, म्हणून तशीच ठेवली.

५ मे

डावी बाही पुन्हा ओली. नवं सील असूनही.

इन्स्ट्रक्टरांचा तर्क: मनगट वाकवलं, मूठ आवळली की आतल्या बाजूच्या कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) वर येतात आणि दोन कंडरांमध्ये पन्हळ तयार होते, तिथून पाणी शिरतं. बारीक मनगटांना हे जास्त. उपाय म्हणून सील दोन बोटं वर, जिथे हात गोल आहे तिथे सरकवलं आणि टॉर्च मूठ न आवळता हातमोज्याच्या पट्ट्याला अडकवला. पुढच्या डाइव्हलाही ओलं.

त्याच दुपारी दुसरं प्रकरण. काहीतरी बघायला डोकं खाली केलं आणि सूटमधली हवा लांब पायांत, मोठ्या बुटांत शिरली. पाय वर गेले, डोकं खाली. दंडावरचा व्हॉल्व आता सगळ्यांत खाली, म्हणजे त्यातून हवा जाणार नाही. बूट फुगले, पावलं त्यांतून वर सरकली, पायातला एक फिन (पोहायचा पंखा) सुटला आणि मी सहा मीटरवरून उलटी वर. श्वास सोडत राहिले म्हणून काही झालं नाही. पण दहा मीटरवरची हवा पृष्ठभागावर दुप्पट होते, त्यामुळे एकदा वर जायला लागलं की वेग वाढतच जातो. वीस मीटरवर असते तर ही नोंद दवाखान्यातून लिहिली असती.

सुटका अशी: गुडघे छातीशी घ्यायचे, जोरात कोलांटी मारायची, डोकं वर आलं की लगेच डावं कोपर उंच आणि व्हॉल्व दाबायचा. उरलेला वेळ उथळ पाण्यात हेच केलं, बडीने पाय धरून मला मुद्दाम उलटं करायचं आणि मी सुटायचं. लोक बघत होते, बघू देत.

कायमचा उपाय: पिंडऱ्यांभोवती आवळणारे गेटर, २२ पौंड, आणि बुटांत जाड लोकरी मोज्यांचा दुसरा जोड. घोट्याला शिशाची वजनं बांधायचा सल्लाही मिळाला. बांधून पाहिली, फिन मारून पाय भरून आले, परत दिली.

१८ मे

घरी गळती शोधणं. मनगटांत बाटल्या, मानेत मुलांचा फुटबॉल, दंडावरचा व्हॉल्व पूर्ण बंद, छातीच्या व्हॉल्वने सूट फुगवला. फार टम्म करू नका, शिवणींवर ताण येतो. स्प्रेच्या बाटलीत भांड्यांचा साबण आणि पाणी, सगळीकडे मारलं. बाही कोरडी ठणठणीत, एक बुडबुडा नाही. फक्त दंडावरच्या व्हॉल्वभोवती फेस आला, पण बंद केला तरी जास्त दाब झाला की तो हवा सोडतोच. म्हणून त्याकडे दुर्लक्ष केलं. यात तीन आठवडे गेले.

१ जून

ओल कुठून सुरू होते हेच आपण कधी पाहिलेलं नाही, असं बडी म्हणाला. तो मूळचा राजकोटचा, व्यवसायाने प्लंबर, त्यामुळे त्याचं ऐकलं. अंडरसूटवर, मनगटाशी, कोपराशी, दंडावर आणि काखेत किचन टॉवेलचे तुकडे सेफ्टी पिनांनी लावले आणि वीस मिनिटांनी बाहेर आलो. मनगटाचा कागद कोरडा. दंडाचा लगदा झालेला.

पाणी वरून खाली येत होतं आणि बाहीच्या टोकाशी साचत होतं.

२ जून

दंडावरचा व्हॉल्व हाताने फिरवून काढला. आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींवर घट्ट बसतात, अवजार लागत नाही. बाहेरची बाजू खाली करून वाडग्यातल्या पाण्यावर दाबून धरला. दोन मिनिटांत आत पाणी. फुगवून केलेल्या चाचणीत हे दिसणारच नव्हतं, कारण तिथे हवा आतून बाहेर जाते आणि हा व्हॉल्व गळत होता बाहेरून आत. फुगवून गळती शोधणाऱ्यांनी वाडग्याची चाचणीही करावी.

आत रबराची पातळ चकती असते, तिच्या कडेखाली अंडरसूटचे धागे आणि सीलला लावलेल्या पावडरीचा लगदा. कोमट साबणपाण्यात, मऊ टूथब्रशने साफ केलं. पुन्हा वाडगा: कोरडं.

आणखी एक उलगडा: वर येताना माझी हवा नेहमी उशिरा जायची. अंडरसूटचं फुगीर कापड व्हॉल्वच्या आतल्या तोंडाला बोळ्यासारखं बसत होतं. तिथे अंडरसूटवर जाळीचा, तळहाताएवढा तुकडा शिवला. भाजीच्या पिशवीची जाळी, खर्च शून्य.

९ जून

दोन्ही डाइव्ह कोरड्या. काखेत आणि पाठीवर थोडा दमटपणा असतो तो घामाचा, गळतीचा नव्हे. फरक असा: घाम पसरट आणि सगळीकडे सारखा, गळती एका वाटेने आणि बर्फासारखी. आतला पहिला थर सुती असेल तर घाम धरून ठेवतो. जुना सुती टी-शर्ट फेकून मेरिनो लोकरीचा घेतला, सेलमध्ये ३५ पौंड.

शिसं आता १० किलो.

३० जून

मानेचं सील आतल्या बाजूने चिकट झालं आहे, बोट लावलं की ठसा उमटतो. लेटेक्स मरायला लागलं की असं होतं. चार वर्षांचं सील असेल तर समजू शकते, पण हे विकणारीने गेल्याच वर्षी बदललं होतं. दुकानातल्या बाईने पहिलाच प्रश्न विचारला, "केसांना काही लावता का?" शनिवारी रात्री खोबरेल तेल, रविवारी सकाळी डाइव्ह. तेल, सनस्क्रीन, हँडक्रीम, सगळ्यांनी लेटेक्स कुजतं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग तो सूट बदल, केस कशाला वाळवून घेतेस?"

डोकं बाहेर काढताना सील सबंध केसांवरून घासत येतं, त्यामुळे नुसती मान पुसून भागत नाही. आता डाइव्हच्या आधी दोन दिवस तेल बंद, आणि वापरानंतर सील कोमट साबणपाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, बिनवासाची पावडर. मानेचं सील घरी लावायचा धीर झाला नाही. दुकानात ६५ पौंड आणि हंगाम असल्यामुळे जवळजवळ महिना. जुलै सगळा बुडाला.

सिलिकॉनच्या सीलांबद्दल विचारणाऱ्यांना: मऊ असतात आणि तेलाने बिघडत नाहीत, पण गोंदाने चिकटत नाहीत. त्यासाठी सूटला कडं बसवावं लागतं. ती जोडणी आणि सीलं मिळून माझ्या बजेटबाहेर.

११ ऑगस्ट

स्टेनगार्थवर, खाणीत मुद्दाम बुडवलेल्या जुन्या टगबोटीवर, वीसेक मीटर. वर पाणी १९ अंश, खाली एकदम थंडीचा पडदा. सूटची पहिली खरी परीक्षा वर येताना होती. हवा वेळेत गेली, वर येतानाचे ठरावीक थांबे स्थिर झाले.

कुणी उघड बोलत नाही ते लिहून टाकते. बायकांना सूटमध्ये लघवीची सोय पुरुषांइतकी सोपी नाही. त्यामुळे सकाळपासून पाणीच प्यायचं नाही असं अनेकजणी करतात. ते चुकीचं आहे, शरीरातलं पाणी कमी असणं हे बेंड्सचा (वर येताना रक्तात वायूचे बुडबुडे होऊन होणाऱ्या आजाराचा) धोका वाढवणाऱ्या गोष्टींत धरलं जातं. औषधाच्या दुकानात मोठ्यांचे डायपर मिळतात. मी तेच वापरते आणि चहा सोडत नाही.

१४ सप्टेंबर

स्कापा फ्लो, पाणी १३ अंश. इथे नजरकैदेत असलेल्या ७४ जर्मन युद्धनौकांपैकी ५२ त्यांच्याच खलाशांनी २१ जून १९१९ रोजी बुडवल्या. बहुतेक पुढे भंगारासाठी वर काढल्या गेल्या, मोठ्यांपैकी सात उरल्या. त्यांतल्या 'कार्ल्सरूह' या क्रूझरवर गेलो, तळ साधारण २५ मीटरवर. पत्रा कोसळलेला, त्यावर मऊ प्रवाळ, फटींत खेकडे. चाळीस मिनिटं राहिले आणि सूटचा विचार एकदाही आला नाही.

खारं पाणी, म्हणून शिसं दोन किलो वाढवलं. दोन डाइव्हच्या मध्ये अंडरसूट काढला नाही, फक्त सूट कमरेपर्यंत उतरवून वाऱ्याच्या आड बसायचं. बोटीवर दोघांची मनगटाची सीलं फाटली. माझ्याकडे जादा जोडी आणि गोंद होता, पण गोंदाला दिवस लागतो, त्यामुळे एकाची दुसऱ्या दिवसाची डाइव्ह गेली. कड्याला बसणारी, हाताने बदलता येणारी सीलं असलेला दुसरा पाच मिनिटांत तयार होता.

२२ सप्टेंबर

सूट गोड्या पाण्याने धुऊन, झिपला मेण लावताना दिसलं: खांद्याच्या वळणावर एक दात किंचित वर आलाय. अजून गळत नाही. दुकानाचा झिपेचा भाव १९० पौंड. आतापर्यंत सूट, अंडरसूट, सीलं, गेटर, बनियन मिळून ५७० झालेत, म्हणजे बजेट गेलंच. तरी डिसेंबरात देणार आहे, तेव्हा दुकानात रांग कमी असते. तोवर झिप लावताना बडीने दोन्ही कडा जवळ धरायच्या आणि मी सरळ रेषेत, हळू ओढायचं.